रिंगणात उडणारी घोडी रानातल्या ओंडक्यासमोर अडते तेव्हा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. वर्धा जिल्ह्यातील तुमच्या गावी सात वर्षांची कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी आहे, ती सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली आहे. रिंगणात ती 90 सेंटिमीटर उंचीच्या काठ्यांवरून न चुकता उडते; शेतातील साध्या ओंडक्यासमोर आणि नाल्याच्या काठावर मात्र ती अडते किंवा ऐन वेळी डावीकडे बगल देते. तुमची सोळा वर्षांची पुतणी यात दोनदा पडली, दोन्ही वेळा घोडीच्या मानेवरून पुढे फेकली गेली. डिसेंबरमध्ये तिला क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या रानातले पक्के अडथळे घोड्यावरून ओलांडण्याच्या, पहिल्या स्पर्धेत उतरायचे आहे, आणि तुम्ही विचारले आहे की चाबकाचा वापर वाढवावा का, तोंडातला लगाम अधिक कडक प्रकारचा घालावा का, आणि रिंगणातच उंची वाढवून तिची भीती मोडावी का.

तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. जी घोडी 90 सेंटिमीटर उडते तिला 50 सेंटिमीटरचा ओंडका जड जाण्याचे कारण नाही, म्हणजे अडचण उडीत नाही. ती उडीच्या आधीच्या पंधरा-वीस मीटरांत आहे. तेवढ्या अंतरात घोडीला समोर काय आहे हे पाहायला वेळ मिळत नाही, आणि पाठीवरची मुलगी, आधीच्या पडण्याच्या धास्तीने, प्रथम लगाम आवळते व शेवटच्या ढांगेला घोडीच्या आधी स्वतःच उडी घेते. दोन्ही वेळा ती मानेवरून पुढे गेली, यावरून मी हे म्हणतो. मांड मागे असलेला स्वार घोडा अडल्यावर बहुधा खोगिरातच धप्पकन बसतो, पुढे जात नाही. घोडी अडलेली आपल्याला ओंडक्यापाशी दिसते, पण तिचा निर्णय चार-पाच ढांगा आधीच झालेला असतो, आणि दुरुस्ती करायची ती तिथे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तपासल्याशिवाय पुढचे सर्व व्यर्थ आहे. ही घोडी पूर्वी रानात उडत होती आणि अलीकडे अडू लागली असेल, तर आधी दुखणे शोधा. पुढच्या खुरांतले दुखणे रिंगणातील मऊ मातीवर लपते आणि कडक जमिनीवर उतरताना जाणवते. नालबंदाकडून खूर तपासून घ्या, पशुवैद्यकाकडून दात आणि पाठ पाहून घ्या, आणि खोगीर मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर टेकते का हे पुतणी वर बसलेली असताना बोट घालून बघा. दुसरी गोष्ट चालीची. सारंगखेड्याला येणाऱ्या पुष्कळ मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांना रेवाल चालीची (एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र टाकत जलद चालण्याची) सवय लावलेली असते. ती चाल बसायला फार सुखाची, पण तिच्यातून नीट तालाचा कँटर (तीन ठोक्यांची मध्यम धाव) निघत नाही आणि घोडी ओंडक्यापाशी पायांचा मेळ चुकवून पोहोचते. तुमची घोडी उत्तेजित झाली की रेवालीवर जात असेल, तर आधी काही आठवडे सपाट जमिनीवर दुडकी आणि कँटर यांचा ताल पक्का करण्यातच जातील, आणि ते घालवावेत.

आता मूळ मुद्दा, घोड्याच्या दृष्टीचा. घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे त्याला जवळपास सभोवार दिसते; परंतु दोन्ही डोळ्यांनी एकत्र, म्हणजे अंतराचा नीट अंदाज येईल असे, फक्त समोरच्या साधारण 65 अंशांच्या पट्ट्यात दिसते. त्यातही कपाळाच्या थेट पुढचा आणि नाकाखालचा भाग त्याला दिसतच नाही. म्हणजे उडी घेण्याच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेतून गेलेला असतो, आणि आधीच्या ढांगांत जे पाहिले त्याच्या भरवशावर तो उडतो. ते पाहण्यासाठी त्याला डोके वर-खाली करावे लागते. अशा वेळी पुतणी लगाम आवळून मान जखडते, तेव्हा घोडी अक्षरशः न पाहता ओंडक्याकडे जात असते, आणि शहाणी घोडी तिथे अडणारच.

रंगांचेही असेच. घोड्याला निळा आणि पिवळा वेगळे कळतात, लाल आणि हिरवा वेगळे कळत नाहीत. घोड्यांच्या दृष्टीवर झालेल्या संशोधनानंतर ब्रिटनमधील शर्यतीच्या मैदानांवर अडथळ्यांवरच्या नारिंगी पट्ट्या बदलून पांढऱ्या केल्या, त्यामागे हेच कारण होते. तुमच्या रिंगणातील काठ्या पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांच्या आहेत आणि रानातला ओंडका सालासकट बाभळीचा, काळ्या मातीवर, वाळलेल्या गवतात पडलेला. माणसाला तो दिसतो, घोडीला तो जमिनीचाच एक भाग वाटत असण्याची शक्यता आहे. त्यावर उपाय सोपा आहे. ओंडक्याच्या वरच्या कडेला चुना लावा आणि पायथ्याशी, येण्याच्या बाजूला, हातभर पुढे एक पांढरी काठी जमिनीवर टाका. त्या काठीने घोडीला जमीन कुठे संपते आणि अडथळा कुठे सुरू होतो हे कळते. चार-सहा दिवसांनी चुना उडू द्या, पुन्हा लावू नका.

नाल्याच्या काठाबद्दल मला घोडीचीच बाजू घ्यावीशी वाटते. काळ्या कन्हारी मातीचा काठ पावसाळ्यानंतर आतून पोकळ झालेला असतो आणि टाप पडली की ढासळतो. एकदा असे झाले की घोडी ते विसरत नाही. शिवाय नाल्याला झाडी असते. उजेडातून सावलीत शिरताना घोड्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. सकाळी उन्हातून सावलीत उडी मागण्याऐवजी सुरुवातीला उलट बाजूने, सावलीतून उजेडाकडे, येऊन पाहा. माझ्याकडच्या घोड्यांपैकी जे ‘नाल्याला भितात’ म्हणून आले, त्यातले निम्मे तरी फक्त दिशा बदलल्यावर गेले.

जमिनीची निवड हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे, त्यामुळे त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. पावसाळ्यात काळी माती खुराला धरते आणि नाल ओढून काढते, फेब्रुवारीनंतर तिला भेगा पडतात ज्यांत पाय अडकून मोडू शकतो. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हाच आपला खरा हंगाम. सोयाबीन निघालेले शेत मोकळे आणि मोहक दिसते, पण सोयाबीनचे कापलेले खुंट ट्रॅक्टरच्या टायरलाही सोडत नाहीत, घोड्याच्या तळव्याला तर नाहीच. वखरणी झाल्याशिवाय त्यावर घोडी घालू नका. पऱ्हाटीच्या खुंटांचेही तेच. मुरमाड माळ, जुनी पांदण किंवा गुरांनी चरून घट्ट केलेले गवताचे रान सर्वांत चांगले. कोणत्याही नव्या जागी आधी पायी चालत जा. कठडा नसलेल्या जुन्या विहिरी, गवतात लपलेले खड्डे, आणि विशेषतः रोही (नीलगायी) व डुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा पाहा. पातळ तार धावत्या घोड्याला दिसत नाही. शेजाऱ्याला सांगून मशीन बंद करून घ्या आणि तारेला पांढऱ्या चिंध्या बांधा. शेजारी हसला तरी चालेल.

अडथळे तीन-चार पुरेत. पहिला ओंडका 30 ते 40 सेंटिमीटर जाडीचा, किमान चार मीटर लांब, दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोकून घट्ट बसवलेला. लांबी कमी असेल तर घोडीला बगल देण्याचे आमंत्रणच मिळते. वर सडपातळ गोल काठी, खाली रिकामी जागा, असा उभा अडथळा घट्ट रोवून कधीही करू नका. रिंगणातली काठी लागली की पडते. रोवलेली पडत नाही, आणि घोड्याचा पुढचा पाय गुडघ्याच्या वर तिला अडकला तर घोडा डोक्यावरून उलटून स्वाराच्या अंगावर येऊ शकतो. क्रॉस-कंट्रीमधील सर्वांत वाईट अपघात याच प्रकारचे असतात. अडथळा भरीव असावा, आणि त्याचा येण्याच्या बाजूचा चेहरा किंचित उतरता असावा. झुडपाचा अडथळा करायचा झाला तर निरगुडीच्या ओल्या फांद्या वापरा. तुराट्या कडक आणि टोकदार असतात, त्या पोटाला लागतात.

शिकवण्याचा क्रम असा ठेवा की घोडीला नकार देण्याची पाळीच येऊ नये. अडथळा इतका लहान असावा की ती थबकली तरी उभ्या-उभ्या ओलांडू शकेल. मग नियम एकच: तिने पाहावे, वास घ्यावा, दोन मिनिटे उभे राहावे, एक पाऊल मागेही जावे, पण तोंड अडथळ्याकडेच राहील, तिला वळवून परत धावायला नेऊ नका. वळवले की अडल्याचे बक्षीस मिळते, आणि पुढच्या वेळी ती आधी वळण्याचाच विचार करते. तिची बगल डावीकडे आहे, म्हणून उजवा लगाम उघडा ठेवा, म्हणजे हात किंचित बाहेर, आणि डावी पोटरी तिच्या बरगडीवर घट्ट. दोन्ही हात एकाच वेळी मागे ओढणे हा सर्वांचा पहिला आवेग असतो, आणि त्यानेच ती थांबते.

शक्य असेल तर पहिल्या आठवड्यात पुढे एक अनुभवी घोडा ठेवा, तीन-चार घोड्यांच्या अंतरावर. घोडा कळपाचा प्राणी आहे. पुढचा गेला की मागचा पुष्कळदा विचार न करता जातो. मात्र हा आधार लवकर काढायचा असतो: एकदा मागून, मग बरोबरीने, मग स्वतः पुढे. ज्यांना हा आधार महिनोन्‌महिने दिला जातो ते घोडे स्पर्धेत एकटे पडल्यावर पहिल्याच ओंडक्याला मागे वळून पाहतात.

खंदक 60 सेंटिमीटरपेक्षा रुंद खणू नका, आणि दोन्ही कडांना लाकूड बसवा, नाहीतर कड ढासळून तुम्ही घोडीला तिच्या भीतीचा पुरावाच द्याल. पहिल्या वेळी खंदकाच्या मध्यावर, थोडी वर, एक जाड काठी ठेवली तर तिची नजर खोलीत न जाता काठीवर जाते. धुऱ्यावर चढण्या-उतरण्यासाठी 40 सेंटिमीटरची पायरी मुरूम भरून आणि समोर ओंडका लावून करा. आधी चढणे शिकवा, उतरणे नंतर. उतरताना स्वाराने खांदे मागे ठेवून लगाम बोटांतून घसरू द्यायचा असतो. तो धरून ठेवला तर घोडीच्या तोंडाला झटका बसतो, आणि पुढच्या वेळी ती कडेवरच थांबते.

पाण्यासाठी शेततळे वापरण्याचा विचार मनात असेल तर आजच काढून टाका. त्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर ओला खूर ठरत नाही, बाजू तीव्र उताराच्या असतात, आणि आत गेलेले जनावर स्वतः बाहेर येऊ शकत नाही. बंधाऱ्याखालचे शेवाळलेले काँक्रीटही नको. नाल्याचा जो भाग बैलगाडीच्या उताराचा आहे, तळ मुरमाचा किंवा वाळूचा आहे, तिथे स्वतः अनवाणी नव्हे, गमबूट घालून काठी टेकत फिरा, आणि काच, तार, खड्डा तपासा. हा तळ दर पावसाळ्यात बदलतो, म्हणून गेल्या वर्षीच्या पाहणीवर विसंबू नये. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही पाणी 35 सेंटिमीटरपेक्षा खोल ठेवत नाहीत. तुम्हाला घोट्याइतके पुरे. पहिल्या दिवशी फक्त पाण्यात उभी करा आणि बाहेर काढा.

पुतणीसाठी पंधरा दिवस उड्या बंद ठेवा. हे तिला आवडणार नाही. या काळात रिकिबी दोन छिद्रे आखूड करून, खोगिरातून किंचित उठून, वजन टाचांत सोडून, ओबडधोबड रानात दुडकी आणि कँटर करायचा. रिकिबीच्या जुन्या पट्ट्याचा गळपट्टा करून घोडीच्या मानेभोवती बांधा, आणि तोल जाईल तिथे तिने तो धरावा, लगाम धरू नये. गळपट्टा धरण्यात कमीपणा नाही. मोठे स्वारही तो बांधतात. उड्या पुन्हा सुरू झाल्यावर तिला एकच सूचना द्या: ओंडक्याकडे पाहू नको, ओंडक्यापलीकडच्या निंबाकडे पाहा, आणि घोडी वर येईपर्यंत वाट पाहा. घोडीची मान वर येते तेव्हा स्वार आपोआप कमरेत वाकतो. त्याआधी वाकण्याची गरज नाही. पाच सूचना एकदम दिल्या तर ती एकही पाळू शकणार नाही.

हेल्मेट आणि छाती-पाठीचे कवच याशिवाय क्रॉस-कंट्रीचा एकही ओंडका नाही. पडताना हेल्मेट जमिनीवर आपटले असेल तर ते बाहेरून चांगले दिसले तरी बदला, कारण आतला थर एकदा दबला की पुन्हा उपयोगाचा राहत नाही. आणि रानात ती एकटी जाणार नाही, हे तुम्ही बघा.

वेगाबद्दल. आपल्याकडे शंकरपटाची (बैलांच्या शर्यतीची) सवय असल्याने धावणे म्हणजे जिंकणे असे वाटते, पण इथे हिशोब वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर प्रत्येक सेकंदाला 0.4 दोषगुण लागतात, आणि घोडा एकदा अडला तर 20. त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला तर आणखी 40. म्हणजे एकदा अडणे हे 50 सेकंद उशिरा येण्याइतके महाग आहे. जकार्ता येथील 2018 च्या आशियाई स्पर्धेत भारताचे स्वार फवाद मिर्झा यांनी सेन्यूर मेडिकॉट या घोड्यावर वैयक्तिक रौप्य मिळवले, त्यामागे क्रॉस-कंट्रीत दोषगुण न घेता येणे होतेच. म्हणून पुतणीला वेग वाढवायला नव्हे, ओळखायला शिकवा. पांदणीवर 400 मीटर मोजून दोन टोकांना झेंडे लावा. हे अंतर 60 सेकंदांत कापले तर वेग मिनिटाला 400 मीटर. सुरुवातीच्या स्वाराला याहून अधिक नको. घड्याळ न पाहता तिला हा वेग अंगाने कळू लागला की ओंडक्याआधी लगाम आवळण्याची गरजच कमी होते. ओंडक्याच्या आधी वेग थोडा कमी आणि ढांग थोडी आखूड, पण मागच्या पायांत जोर तसाच; हे जमले की घोडीला पाहायला वेळही मिळतो आणि उडायला ताकदही राहते.

चाबूक हातात असावा, पण तो पोटरीच्या मागे एकदा, घोडी अडथळ्याकडे तोंड करून डगमगत असताना, ‘पुढे’ एवढे सांगण्यासाठी. अडून झाल्यावर मारलेला चाबूक तिला फक्त एवढे शिकवतो की ओंडक्यापाशी दुखते. कडक लगामाचे तर कारणच नाही. जी घोडी पुढे जात नाही तिच्या तोंडात आणखी मोठी थांबवण्याची वस्तू का घालावी? तुमच्या वर्णनातील सांध्याचा साधा लगाम योग्य आहे.

तयारीबद्दल थोडेच. आठवड्यातून दोनदा, तीन-तीन मिनिटांचे तीन कँटर, मध्ये चालणे, एवढ्याने सुरुवात करा. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. कामानंतर दहा-पंधरा मिनिटांत ती 64 च्या खाली येत नसेल तर काम जास्त झाले किंवा ऊन जास्त आहे. आपल्याकडे ऑक्टोबरची दुपारही त्याला पुरते, म्हणून काम सूर्योदयालाच उरका. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतू नये हा समज जुना आहे; 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकआधी उष्णतेवर झालेल्या अभ्यासांनंतर तो मागे पडला. सावलीत, वारा लागेल असे उभे करून भरपूर पाणी ओतत राहा, आणि रोजच्या खुराकात मीठ ठेवा, कारण घोड्याच्या घामातून ते खूप जाते.

डिसेंबरबद्दल तुम्ही आत्ताच ठरवू नका, नोव्हेंबरअखेरीला ठरवा. तोवर तिला एकदा तरी दुसऱ्याच्या शेतात न्या, जिथला ओंडका तिने कधी पाहिलेला नाही. पुढे दुसरा घोडा नसताना, दोन्ही दिशांनी, पहिल्याच मागणीला ती गेली, तर सर्वांत खालच्या गटात नाव द्या. नाही गेली तर घोडीला स्पर्धेला न्यावे, पण क्रॉस-कंट्रीत उतरवू नये. पुतणीने मार्ग पायी फिरून प्रत्येक अडथळ्याकडे कुठून यायचे हे पाहावे, आणि घोडीने गर्दी, तंबू, लाउडस्पीकर यांत उभे राहण्याचा सराव करावा.

मी लिहिलेले सर्व तुमच्या वर्णनावर उभे आहे, म्हणून शक्य झाल्यास फोनवर एक चित्रफीत घेऊन इथे टाका. ती समोरून नको, बाजूने, वीस-पंचवीस मीटर दूर उभे राहून घ्या, आणि ओंडक्याआधीचा पूर्ण टप्पा व घोडीच्या टापा दिसतील अशी घ्या. तिचे कान कोणत्या ढांगेला मागे फिरतात आणि मुलीचा हात कोणत्या ढांगेला मागे येतो, हे दोन्ही त्यात दिसले तर आधी कोणाला काय शिकवायचे ते मला नेमके सांगता येईल.